‘अनक्लिअर’ लिहून भागत नाही: न कळलेलं बोलणं, पुसट अक्षर आणि अंधुक दृश्य यांचं इंग्रजी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरला घरून मराठी ध्वनिमुद्रणांचं इंग्रजी लेखन आणि कागदपत्रांचं भाषांतर करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. जिथे बोलणं कळलं नाही, अक्षर लागलं नाही किंवा फुटेजमध्ये नीट दिसलं नाही, तिथे त्या ‘अनक्लिअर’ लिहीत गेल्या. तपासणाऱ्याने ‘बी स्पेसिफिक’ एवढा शेरा मारून फाईल परत पाठवली. शब्दकोश उघडला तर ऑडिबल, लेजिबल, इंटेलिजिबल, डिस्टिंक्ट, ल्यूसिड या सगळ्यांपुढे ‘स्पष्ट’ आणि मफल्ड, स्लर्ड, ब्लर्ड, गार्बल्ड या सगळ्यांपुढे ‘अस्पष्ट’. मग फरक करायचा कसा? शिवाय सातबाऱ्याच्या एका पुसट नकलेचं आणि ‘चेहरा बरोबर दिसून नव्हता राहिला’ या साक्षीदाराच्या वाक्याचं काय करायचं, हेही त्यांना हवंय.

ताई, शेरा मारणाऱ्याने कंजुषी केली खरी, पण त्याचं म्हणणं बरोबर आहे. ‘अनक्लिअर’मध्ये व्याकरणाची चूक नाही. तो फक्त तक्रार सांगतो, बिघाडाचं ठिकाण सांगत नाही. इंग्रजीतले हे बाकीचे शब्द ठिकाण सांगतात. बोलणाऱ्याच्या तोंडातच शब्द मोडला, की वाटेत कशाखाली दबला, की यंत्राने बिघडवला, की ऐकणाऱ्याचा कान कमी पडला, की शब्द सगळे नीट पोचले आणि त्यांचा अर्थच लागला नाही? मी न्यायालयीन भाषांतर आणि ध्वनिमुद्रणांचं लेखन करत आले आहे, आणि हाताखाली येणाऱ्या मुलामुलींना शब्दांची यादी देत नाही. आधी एवढंच विचारते: अडलं कुठे? ते ठरलं की बहुतेक वेळा शब्द एकच उरतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘इनऑडिबल’ आणि ‘अनइंटेलिजिबल’ यांच्यात, म्हणून तिथे जरा थांबते.

नागपूर स्टेशनच्या फलाटावर उभं राहा. पावसाळ्याचे दिवस, छतावर पाऊस वाजतोय, आणि भोंग्यातून घोषणा येते. आवाज कानठळ्या बसतील एवढा मोठा. पण गाडीचा नंबर काय, कोणत्या फलाटावर येणार, काही म्हणता काही कळत नाही. ही घोषणा ‘ऑडिबल’ आहे, अगदी शंभर टक्के. ‘इंटेलिजिबल’ मात्र नाही. कारण आवाज छतावर, भिंतींवर, डब्यांवर आदळून परत येतो आणि एका अक्षराची शेपूट पुढच्या अक्षरावर चढते. भोंग्याचा आवाज वाढवला तर घुमणंही तेवढंच वाढतं, म्हणून फायदा होत नाही. आता उलटं बघा. रात्री दोन वाजता, गल्ली शांत असताना, चार घरं पलीकडे कोणी हलक्या आवाजात ‘दार उघड बापा’ म्हणालं तर ते ‘फेंट’ आहे, जेमतेम ऐकू येतं, पण पूर्ण ‘इंटेलिजिबल’ आहे. ऐकू येणं कानाचं काम, कळणं पुढचं. आपल्याकडे ‘ऐकू येतं पण कळत नाही’ असं आपण सहज म्हणतो. हे एक वाक्य डोक्यात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

कानाच्या डॉक्टरांकडे जाणारे साठी-सत्तरीचे लोक हीच तक्रार घेऊन जातात. वयोमानाने कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतो. स्वरांची ताकद साधारण एक हजार हर्ट्झच्या खाली असते, पण स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग त्याच्या बराच वर, अगदी आठ हजारांपर्यंत जातो. स्वर पोचतात म्हणून आवाज येतो, व्यंजनं गळतात म्हणून शब्द लागत नाही. अशा आजोबांबद्दल ‘ही कॅनॉट हिअर’ लिहिलं तर चूक. ‘ही कॅन हिअर व्हॉइसेस बट कॅनॉट मेक आउट द वर्ड्स’ हे त्यांचं खरं म्हणणं.

न्यायालयात हा फरक शाब्दिक राहत नाही. राम सिंग विरुद्ध कर्नल राम सिंग या १९८५ च्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रित पुरावा कधी ग्राह्य धरायचा याच्या अटी सांगितल्या. त्यातली एक अशी की, बोलणाऱ्याचा आवाज ‘क्लिअरली ऑडिबल’ असावा आणि इतर आवाजांमुळे किंवा अडथळ्यांमुळे तो ‘लॉस्ट’ किंवा ‘डिस्टॉर्टेड’ झालेला नसावा. बघा, एकाच अटीत तीन वेगळे शब्द. हरवलेला आवाज वेगळा, विकृत झालेला वेगळा. आता तुमच्या लेखनात पानोपानी ‘इनऑडिबल’ पडलं आणि ऐकणाऱ्याला तिथे आवाज ठणठणीत ऐकू आला, तर समोरचा वकील एवढ्या एका गोष्टीवर तुमच्या सगळ्या लेखनाला हात घालेल. त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

म्हणून मी चौकटी कंसात वेळेसह असं लिहिते: आवाजच पोचला नाही तिथे ‘इनऑडिबल’; आवाज आहे पण शब्द ओळखता येत नाही तिथे ‘अनइंटेलिजिबल’; दोघं-तिघं एकाच वेळी बोलले तिथे ‘क्रॉसटॉक’. काही कार्यालयं ‘इनडिस्टिंक्ट’ हा एकच शब्द सगळीकडे वापरतात, काहींची पद्धत सगळ्यालाच ‘इनऑडिबल’ म्हणायची. काम देणाऱ्याचा नियम असेल तो पाळा, पण पहिल्या पानावर त्या शब्दात काय काय धरलंय ते दोन ओळींत लिहून टाका. आणि अंदाजाने शब्द भरायचा मोह झाला तर भरू नका. खूपच खात्री वाटत असेल तर शब्दापुढे प्रश्नचिन्ह द्या.

आता वाटेत होणारे बिघाड. इथे इंग्रजी फार श्रीमंत आहे, आणि प्रत्येक शब्दामागे एक भौतिक कारण आहे, म्हणून पाठ करायची गरज पडत नाही.

‘मफल्ड’ म्हणजे आवाजावर काहीतरी पांघरलंय. आपला मफलर त्याच घरातला. मे महिन्यात सीताबर्डीवर गाडी थांबवून, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला माणूस तुम्हाला पत्ता विचारतो, ते बोलणं ‘मफल्ड’. बंद दाराआडून, उशीत तोंड खुपसून, खिशातल्या मोबाइलमध्ये मुद्रित झालेलं बोलणंही तसंच. कापड, गादी, लाकूड वरच्या पट्टीतले आवाज आधी खातात, म्हणून जाडसर गुणगुण तेवढी उरते. गुप्तपणे केलेल्या बहुतेक ध्वनिमुद्रणांना हाच शब्द लागतो, कारण फोन खिशात किंवा पर्समध्ये असतो.

‘ड्राउन्ड आउट’ म्हणजे दुसऱ्या मोठ्या आवाजाने हा आवाज बुडवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, त्या गर्दीत शेजारचा माणूस घसा ताणून काही सांगतो आणि ते ढोलताशाखाली गडप होतं. त्याचं बोलणं चांगलं होतं, तोंड उघडं होतं, कान शाबूत होते. तरी ‘हिज वर्ड्स वेअर ड्राउन्ड आउट बाय द ड्रम्स’. या शब्दाबरोबर कशाने बुडवलं ते जरूर लिहा, कारण तो शब्द आरोपी मागतो.

‘डिस्टॉर्टेड’ हा यंत्राचा दोष. माइकच्या अगदी जवळ ओरडलं की आवाजाची लाट यंत्राच्या मर्यादेबाहेर जाते, तिचा माथा छाटला जातो, आणि फाटलेला, खरखरीत आवाज येतो. आपण ‘आवाज फाटला’ म्हणतो ते हेच.

‘गार्बल्ड’मध्ये मात्र शब्दांची खिचडी होते. तुकडे उलटसुलट, अर्धे गायब. इंटरनेटवरून जाणारं बोलणं लहान लहान पुड्यांमध्ये जातं, त्यातल्या काही हरवल्या किंवा उशिरा आल्या की असं होतं. गंमत म्हणजे या शब्दाचं मूळ अरबीत, चाळणीच्या शब्दात आहे. मसाले चाळून निवडणं हा त्याचा जुना अर्थ, आणि तिथून तो निवडून-पाखडून वाट लावण्यापर्यंत आला. निरोपालाही ‘गार्बल्ड मेसेज’ म्हणतात: कानोकानी जाताना वाकडा झालेला.

आणि फोनवरचं आपलं रोजचं ‘आवाज कटून राहिला’? नागपूरची निम्मी मुलं त्याचं ‘युअर व्हॉइस इज कटिंग’ करतात. इंग्रजीत तिथे माणसालाच कर्ता करतात: ‘यू आर ब्रेकिंग अप’. लाईन मध्येच गेली तर ‘वी गॉट कट ऑफ’. हे दोन वेगळे प्रसंग आहेत. पहिल्यात बोलणं तुटक तुटक येतंय, दुसऱ्यात फोनच बंद पडला.

जाता जाता, विमानांच्या रेडिओवर या सगळ्याचं पाच पायऱ्यांत मोजमाप केलेलं आहे. नागपूरच्या डोक्यावरून देशाच्या चारी दिशांची विमानं जातात, आणि वैमानिकाला आपला आवाज कसा पोचतोय हे विचारायचं असेल तर उत्तर आकड्यात मिळतं: एक म्हणजे ‘अनरीडेबल’, दोन म्हणजे अधूनमधून, तीन म्हणजे कष्टाने, चार म्हणजे ‘रीडेबल’, पाच म्हणजे ‘परफेक्टली रीडेबल’. कानाने ऐकायच्या गोष्टीला ‘रीडेबल’! ते त्या धंद्याचं बोलणं आहे. तिथून उचलून तुमच्या लेखनात आणू नका.

आता तोंडाकडे वळू. इथे आपल्या मराठीची तयारी चांगली आहे, फक्त जोड्या नीट लावाव्या लागतात.

ओठ नीट न उघडता, शब्द तोंडातल्या तोंडात ठेवून बोलणं म्हणजे ‘मंबल’. त्यात राग असेलच असं नाही. लाज, झोप, सवय काहीही असेल. ‘मटर’मध्ये बहुधा कुरकुर असते: साहेब पाठमोरे झाल्यावर कारकून जे पुटपुटतो ते. ‘मर्मर’ हळू, सलग, बऱ्याचदा गोड. गर्दीतून उठणारी कुजबुजही ‘मर्मर’. साक्षीदार म्हणाला, ‘तो काहीतरी पुटपुटून राहिला होता’, तर मराठीत राग आहे की नाही हे कळत नाही. मग मी ‘मंबलिंग’ घेते, कारण ‘मटरिंग’ लिहिलं की आरोपीच्या मनात राग आपण घातला असं होतं.

अडखळण्याला ‘स्टॅमर’ आणि ‘स्टटर’ हे एकच; पहिला ब्रिटिशांकडे जास्त, दुसरा अमेरिकेत. आपल्याकडचा तोतरा तो हा. बोबडं बोलणं म्हणजे ‘स’ची जागा ‘थ’सारख्या आवाजाने घेणं असेल तर ‘लिस्प’, पण लहान मुलाच्या लाडिक बोलण्याला ‘लिस्प’ म्हणायची गरज नाही, ‘बेबी टॉक’ पुरे. आणि ‘त्याची बोबडी वळली’ दिसलं की इथे थांबा. त्यात लिस्पही नाही आणि स्टॅमरही नाही. तो घाबरला आणि तोंडातून शब्द फुटेना, एवढंच: ‘ही वॉज टू टेरिफाइड टू स्पीक’.

आवाज बसला असेल तर ‘होर्स’. घोगरा पण कानाला बरा वाटणारा असेल तर ‘हस्की’. गेंगाणा तो ‘नेझल’. किनरा, चिरका तो ‘श्रिल’. हे तुम्हाला शब्दकोशातही नीट मिळतील, म्हणून पुढे जाते.

कारण खरा जोखमीचा शब्द ‘स्लर्ड’ आहे. शब्द एकमेकांत मिसळलेत, जीभ जड झाल्यासारखी वाटते, व्यंजनांच्या कडा गेल्यात. दारूच्या नशेची वैद्यकीय तपासणी होते तेव्हा कागदावर श्वासाचा वास, चाल, डोळ्यांच्या बाहुल्या यांच्याबरोबर बोलण्याचीही नोंद असते, आणि तिथे डॉक्टर ‘स्लर्ड’ लिहितो की ‘इनकोहिरंट’ यावर पुढे बरीच ओढाताण होऊ शकते. ‘स्लर्ड’ हा उच्चाराचा दोष आहे. माणूस ‘मी घरी चाललो होतो’ हे पूर्ण शहाणं वाक्य ‘स्लर्ड’ बोलू शकतो. ‘इनकोहिरंट’ हा संगतीचा दोष: उच्चार खणखणीत, पण एका वाक्याचा दुसऱ्याशी मेळ नाही. लॅटिनमध्ये मुळात चिकटून राहणं असा अर्थ. इथे वाक्यं एकमेकांना चिकटत नाहीत. मराठीत दोन्हीला ‘असंबद्ध, अस्पष्ट बोलणं’ असं एका दमात लिहून टाकायची पोलिसी सवय आहे. भाषांतर करताना मूळ मराठी काय म्हणतं ते शब्दाला शब्द बघा: ‘जीभ अडखळत होती’ हे पहिलं, ‘काहीबाही बोलत होता’ हे दुसरं.

आणि ‘स्लर्ड’ दिसलं म्हणजे दारू असं मुळीच नाही. पक्षाघातात, रक्तातली साखर फार उतरली तर, गुंगीच्या औषधांनी, आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात ऊन डोक्यात गेलं तरी, म्हणजे उष्माघातातही बोलणं असं होतं. पक्षाघात ओळखायच्या खुणांमध्ये वाकडा झालेला चेहरा आणि लुळा पडलेला हात यांच्या जोडीला बोलणं आहेच. म्हणून ‘दारुड्यासारखं बोलत होता’ असं मूळ साक्षीत असेल तर तेच इंग्रजीत ठेवा. आणि ‘बोलणं जड झालं होतं’ एवढंच असेल तर ‘ड्रंकन’ हा शब्द आपल्या मनाने घालू नका.

डॉक्टरांच्या कागदांत आणखी दोन शब्द भेटतील. ‘डिसार्थ्रिया’ म्हणजे शब्द डोक्यात बरोबर आहेत, पण जीभ-ओठांचे स्नायू साथ देत नाहीत. ‘अफेझिया’ म्हणजे मेंदूतली भाषाच जखमी झालीय. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये अशा रुग्णाची माहिती मांडली ज्याला बरंच कळत होतं पण बोलता येत नव्हतं. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये याच्या उलट प्रकार दाखवला: रुग्ण भरभर, सुरात बोलतो, पण शब्द भलतेच, आणि समोरच्याचं कळत नाही. हे दुसरे रुग्ण ‘फ्लुएंट’ असतात, ‘इंटेलिजिबल’ नसतात. वैद्यकीय कागदात ‘फ्लुएंट’ दिसलं की ती स्तुती समजून ‘अस्खलित’ असं छान छान लिहू नका.

बोलण्याच्या कौतुकाचे शब्द त्या मानाने सोपे. ‘आर्टिक्युलेट’ म्हणजे मनातलं सांधे जोडून मांडता येणं. मूळ लॅटिन शब्द सांध्याचाच. ‘एलोक्वंट’मध्ये परिणाम आहे, ऐकणारा हलतो. ‘ल्यूसिड’मध्ये विचारांचा लख्खपणा. तापात बडबडणारा रुग्ण मध्येच नीट शुद्धीवर बोलू लागला तर ‘ही वॉज ल्यूसिड’, आणि अशा टप्प्याला डॉक्टर आणि वकील दोघंही ‘ल्यूसिड इंटर्व्हल’ म्हणतात. चांगलं भाषण झालं म्हणून त्याला ‘ऑडिबल स्पीच’ म्हणणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. त्याचा अर्थ एवढाच होतो की माइक चालू होता.

कागदावरच्या अक्षराकडे येते. इथे मात्र मराठीने इंग्रजीच्या तोडीस तोड जोडी करून ठेवली आहे, फक्त आपण ती वापरत नाही. ‘लेजिबल’ म्हणजे सुवाच्य: अक्षर ओळखता येतं. ‘रीडेबल’ म्हणजे वाचनीय: वाचायला बरं वाटतं, पुढे जावंसं वाटतं. एखादा शासन निर्णय छापील, सुबक टंकात असतो, म्हणजे पूर्ण ‘लेजिबल’, आणि तरी तीन ओळींपुढे वाचवत नाही. आजीचं गिचमिड अक्षरातलं पत्र ‘बेअरली लेजिबल’ असेल, पण काय वाचनीय! म्हणून पुसट नकलेवर ‘अनरीडेबल’ लिहिण्यापेक्षा ‘इलेजिबल’ नेमकं.

डॉक्टरांच्या अक्षराबद्दल नियमातसुद्धा हाच शब्द आला. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने आचारनियमात बदल केला आणि औषधं मूळ नावाने, ‘लेजिबली’ आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत असं सांगितलं. कोणी तिथे ‘क्लिअरली’ लिहिलं असतं तर हस्ताक्षराबद्दल आहे की सल्ल्याबद्दल, असा वाद घालता आला असता.

तुमच्या सातबाऱ्याचं असं करा. आधी बघा अक्षर का लागत नाही. शाई उडाली असेल तर ‘फेडेड’, ओल्या हाताने किंवा घासून पसरली असेल तर ‘स्मज्ड’, शिक्क्याखाली गेलं असेल तर ‘ऑब्स्क्युअर्ड बाय स्टॅम्प’, कागदच फाटला असेल तर ‘टॉर्न’, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढून फिकं झालं असेल तर ‘फेंट’. मग त्या जागेला ‘इलेजिबल’ म्हणा आणि कारण जोडा. तपासणारा खूश होईल, आणि पक्षकाराला हेही कळेल की तलाठ्याकडून नवी नक्कल आणली तर काम होईल की मूळ नोंदच गेलीय. गट क्रमांकातला एक आकडा शंकास्पद असेल तर सगळा क्रमांक ‘इलेजिबल’ करू नका. जे आकडे लागतात ते लिहा, न लागणाऱ्याच्या जागी तसं नोंदवा.

एक इशारा, आपल्या भागासाठी खास. भोसल्यांच्या काळातले आणि नंतरचेही बरेच कागद मोडीत आहेत. मोडी न येणाऱ्या माणसाने त्यावर ‘इलेजिबल’ लिहिणं अन्याय आहे. कागदावरचं अक्षर मोत्यासारखं असू शकतं. तिथे ‘इन मोडी स्क्रिप्ट, नॉट ट्रान्स्लेटेड’ एवढं लिहायचं आणि मोडी वाचणाऱ्याकडे द्यायचं. दोष कागदाचा की वाचणाऱ्याचा, हे इथे उघड उघड दिसतं.

दृश्याचे शब्द तुम्हाला मुख्यतः फुटेजसाठी लागणार. ‘ब्लर्ड’ म्हणजे कडा पसरल्यात, कॅमेरा हलला, माणूस पळाला किंवा फोकस चुकला. ‘डिम’ म्हणजे उजेड कमी. कडा ठीक असू शकतात. ‘ग्रेनी’ म्हणजे रवाळ, रात्रीच्या फुटेजला हमखास. ‘पिक्सेलेटेड’ म्हणजे चौकोन चौकोन, चित्र फार मोठं केल्याने किंवा मुद्दाम चेहरा झाकायला केलेले. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी सगळं पांढरं झालं असेल तर ‘वॉश्ड आउट बाय ग्लेअर’. मध्ये खांब, झाड, ऑटो आला तर ‘ऑब्स्क्युअर्ड’. गाडीच्या पाटीवर ‘एमएच ३१’ एवढं वाचता येतं आणि पुढचं लागत नाही, तर ‘पार्शली लेजिबल’. गाडी ‘ब्लर्ड’ असेल, पण वाचायच्या पाटीला शब्द वाचण्याचाच.

धुक्याला एक शब्द पुरत नाही हे हवामानखात्याच्या भाषेत सगळ्यात छान कळतं. दृश्यता एक हजार मीटरच्या खाली गेली तर ‘फॉग’, आणि ती पन्नास मीटरच्याही खाली उतरली तर ‘व्हेरी डेन्स फॉग’. हजाराच्या वर पण तरी हवेत ओल आणि धूसरपणा, तर ‘मिस्ट’. कोरड्या धुळीने, धुराने धुरकट झालं तर ‘हेझ’. आपण तिन्हीला धुकं म्हणतो. अपघाताच्या साक्षीत ‘धुकं होतं’ असेल तर ‘फॉग’ लिहायला हरकत नाही, पण एप्रिलमधल्या दुपारी वर्धा रोडवर तापलेल्या डांबरावरून हवा हलताना दिसते, त्याला ‘फॉग’ म्हणाल तर कोर्टात हशा पिकेल. ती ‘हीट हेझ’.

डोळ्यांच्या तक्रारीत एक जोडी कायम चुकते. मोतीबिंदू झालेली बाई ‘अंधुक दिसतं’ म्हणते: ‘ब्लर्ड’ किंवा ‘क्लाउडी व्हिजन’. उपाशी, उन्हात उभी राहिलेली बाई ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ म्हणते, त्यात डोळ्यांचा काही दोष नाही. ‘शी फेल्ट फेंट अँड एव्हरीथिंग वेंट डार्क’. तोच ‘फेंट’ वर क्षीण आवाजाला आला, फिक्या शाईला आला, इथे चक्कर येण्याला. हा शब्द सगळ्या इंद्रियांत फिरतो, अगदी वासातही. ‘इनडिस्टिंक्ट’ही आवाज आणि दृश्य दोन्हीकडे चालतो. म्हणून हे दोन कुठेही बसतात, आणि म्हणूनच सारखे वापरले की पुन्हा ‘अनक्लिअर’ची गत होते.

उरलं साक्षीदाराचं वाक्य: ‘अंधारात चेहरा बरोबर दिसून नव्हता राहिला.’ आधी व्याकरण. नागपूरबाहेरचा भाषांतरकार या ‘राहिला’ला ‘रिमेन्ड’ समजून बसतो. आपल्याकडे ते चालू काळाचं रूप आहे, ‘दिसत नव्हता’ एवढाच अर्थ. आता शब्द. ‘द फेस वॉज ब्लर्ड’ म्हणाल तर दोष चेहऱ्याच्या प्रतिमेत गेला, जणू तो फोटो बघून सांगतोय. ‘द फेस वॉज इनव्हिजिबल’ म्हणाल तर चेहरा मुळीच दिसला नाही असं झालं, आणि पुढे त्याने ओळख परेडमध्ये कोणाला ओळखलं असेल तर तुम्ही परस्पर त्याला खोटं पाडलंत. ‘द फेस वॉज नॉट क्लिअर’ पुन्हा ठिकाण लपवतं. तो म्हणतोय की उजेड नव्हता, काहीतरी दिसत होतं, पण नीट नाही. मी लिहीन: ‘इन द डार्क आय कुड नॉट सी द फेस प्रॉपर्ली’. त्याने ‘कोण आहे ते ओळखू येऊन नव्हतं राहिलं’ म्हटलं असतं तर ‘कुड नॉट मेक आउट हू इट वॉज’. हे ‘मेक आउट’ जपून ठेवा. ते आवाज, अक्षर आणि चेहरा तिन्हींना चालतं, आणि त्याचा कर्ता नेहमी बघणारा-ऐकणारा माणूस असतो. साक्षीत तेच हवं असतं. ‘बरोबर’चा ‘प्रॉपर्ली’ मात्र गाळू नका. उलटतपासणी त्या एका शब्दावर उभी राहते: बरोबर नाही म्हणजे थोडं तरी दिसलं ना?